जर्मनीत परमिटची वाट पाहताना: खान्देशातल्या मुला-मुलींचे आणि त्यांच्या घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरपूर, फैजपूर, शहाद्याच्या कॉलेजांतून इंजिनिअर होऊन जर्मनीला आलेली, किंवा जळगाव-धुळ्याहून नर्सिंग करून आलेली आपली बरीच मुलं-मुली आज एकाच गोष्टीसाठी थांबून आहेत. अर्ज केलाय, कार्ड आलेलं नाही. निम्मे प्रश्न त्यांचे आहेत. उरलेले गावाकडून आई-वडील, काका, मोठे भाऊ पाठवतात, आणि त्यांचा घोर जास्त असतो, कारण त्यांना इथलं ऑफिस दिसत नाही, फक्त लेकराचा पडलेला आवाज ऐकू येतो. म्हणून दोघांसाठी एकत्र लिहिलंय. एकच गोष्ट वाचायला वेळ असेल तर प्रश्न ४ वाचा.

१. व्हिसा, परमिट आणि कार्ड या एकच गोष्टी आहेत का?

नाही. व्हिसा म्हणजे मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाने पासपोर्टवर लावलेला स्टिकर. लांब मुक्कामासाठी येणाऱ्यांना मिळतो तो 'डी' व्हिसा, आणि तो काही महिन्यांचा, फार तर वर्षभराचा असतो. इथे आल्यावर तुमच्या शहरातलं परदेशी नागरिकांचं ऑफिस, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डे, राहण्याची परवानगी देतं. ते परमिट. शिक्षणाचं वेगळं, नोकरीचं वेगळं, उच्चशिक्षितांना चांगल्या पगाराच्या नोकरीवर मिळणारं ब्लू कार्ड वेगळं. ती परवानगी ज्या प्लास्टिकवर छापून येते ते कार्ड. परवानगी स्थानिक ऑफिस देतं, कार्ड मात्र बर्लिनच्या सरकारी छापखान्यात तयार होतं. त्यामुळे 'मंजूर झालं' असं कळल्यानंतरही कार्ड हातात यायला आणखी काही आठवडे जातात.

२. जर्मनीत उतरल्यावर अर्ज नेमका कधी करायचा?

आधी घराचा पत्ता नोंदवायचा, ज्याला इथे आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, म्हणून भाड्याची खोली घेतानाच तो मागून घ्या. पत्ता नोंदला की परमिटचा अर्ज. व्हिसाची तारीख संपायच्या आदल्या आठवड्यापर्यंत थांबू नका. दोन-तीन महिने आधी अर्ज गेलेला बरा. मुदतवाढीलाही हेच लागू.

३. अर्जासोबत काय जोडायचं?

पासपोर्ट, भरलेला फॉर्म, पत्ता नोंदल्याचा दाखला, आरोग्य विम्याचं प्रमाणपत्र आणि तुमच्या परमिटच्या कारणाचा कागद. विद्यार्थ्याला प्रवेशपत्र, नोकरीवाल्याला करार आणि पगारपत्रकं. विद्यार्थ्याला खर्चाची सोयही दाखवावी लागते. त्यासाठीच्या ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचे आणि दरमहा ठरावीकच काढता येतात अशा खात्याची, रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो आहे. फोटो मे २०२५ पासून डिजिटल लागतो, घरून आणलेल्या पासपोर्ट साइज फोटोंचा उपयोग नाही. फी पहिल्या परमिटला १०० युरो, तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदतवाढीला ९३ युरो.

४. माझ्या कार्डाची तारीख संपली आणि नवं आलं नाही. मी आता बेकायदेशीर झालो का?

तारीख संपण्याआधी अर्ज केला असेल तर नाही. हे वाक्य घरच्यांनाही वाचून दाखवा.

जर्मनीच्या निवास कायद्याचं कलम ८१ सांगतं की जुना परमिट किंवा 'डी' व्हिसा चालू असताना मुदतवाढीचा किंवा नव्या परमिटचा अर्ज केला, तर ऑफिसचा निर्णय होईपर्यंत जुना परमिट चालू असल्याचं मानलं जातं. राहण्याचा हक्क चालू, त्यावर असलेला काम करण्याचा हक्कही चालू. हा हक्क अर्ज केल्याच्या क्षणी कायद्याने मिळतो. ऑफिस जो कागद देतं, ज्याला आपली मुलं 'फिक्शन पेपर' म्हणतात, तो या हक्काचा पुरावा आहे.

म्हणून सगळ्यात मोलाची गोष्ट आहे अर्ज पोहोचल्याची तारीख. ऑनलाइन अर्ज केला तर शेवटी येणारी पोच डाउनलोड करून ठेवा. ईमेलने केला तर पाठवलेला मेल पीडीएफ करून ठेवा. पोस्टाने केला तर रजिस्टर पोस्टाची पावती. तुमची फाईल ऑफिसात महिनोन्‌महिने पडून राहिली तरी ती तारीख तुमचीच असते.

एक खबरदारी घ्या. नुसती 'मला टर्मिन द्या', म्हणजे भेटीची वेळ द्या, अशी विनंती म्हणजे अर्ज नव्हे, असं उद्या कुणीही म्हणू शकतं. मेलमध्ये जर्मनमध्ये स्पष्ट लिहा की मी माझ्या परमिटच्या मुदतवाढीसाठी याद्वारे अर्ज करत आहे, आणि भरलेला फॉर्म सोबत जोडा.

आणि गावाकडच्या वडीलधाऱ्यांसाठी: कार्ड उशिरा येणं म्हणजे मुलाने काही गुन्हा केला किंवा त्याच्यावर संशय आहे, असं नाही. मोठ्या शहरांतल्या ऑफिसांत माणसं कमी आणि फायली फार, हे बहुतेक उशिरांचं कारण आहे.

५. फिक्शन पेपरवर तीन चौकोन आहेत. माझ्यात कुठल्यावर खूण हवी?

तिसऱ्यावर. कागद उघडा, तिसऱ्या पानावर तीन चौकोन दिसतील.

तिसरा चौकोन कलम ८१, परिच्छेद ४ चा. म्हणजे जुना परमिट चालू मानला जातो. वेळेत अर्ज केलेल्या आपल्या जवळजवळ सगळ्यांना हाच मिळायला हवा. पहिला चौकोन परिच्छेद ३ चा आहे. तो परमिट नसताना कायदेशीरपणे इथे असलेल्यांसाठी आहे, म्हणजे ज्या देशांना व्हिसाच लागत नाही अशांसाठी मुख्यतः. दुसरा चौकोन म्हणजे निर्णय होईपर्यंत परत पाठवणार नाहीत, एवढंच.

तिन्हींत आकाश-पाताळाचा फरक आहे, कारण तिसऱ्या चौकोनावर देशाबाहेर जाऊन परत येता येतं, पहिल्या दोनांवर येत नाही. खिडकीवरून उठण्याआधी खूण बघा. चुकीच्या चौकोनावर असेल तर तिथेच नम्रपणे विचारा. तिथे दोन मिनिटांत दुरुस्त होतं, घरी आल्यावर पुन्हा टर्मिन मिळवावी लागते. कागदाची फी १३ युरो आहे.

६. अर्ज करून महिने झाले, फिक्शन पेपरही देत नाहीत. काय करू?

कलम ८१ नुसार तो कागद देणं ऑफिसला बंधनकारक आहे, पण मागितल्याशिवाय बऱ्याचदा मिळत नाही. मागताना कारण लिहा. 'मला काळजी वाटते' या कारणावर कुणी हलत नाही. 'माझ्या कंपनीने अमुक तारखेपर्यंत पुरावा मागितला आहे, नाहीतर पगार थांबेल' असं लिहून कंपनीचं पत्र जोडलं की मेल पुढे सरकतो. विद्यार्थी असाल तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षाला मध्ये घ्या, त्यांचा ऑफिसशी रोजचा संबंध असतो. प्रत्येक मेलच्या विषयात फाईल क्रमांक, पूर्ण नाव आणि जन्मतारीख लिहा. पाटील, चौधरी, महाजन या आडनावांचे अर्जदार त्या ऑफिसात बरेच असू शकतात.

७. फिक्शन पेपरवर आखाजीला किंवा कानबाईला घरी जाऊन येता येईल का?

तिसऱ्या चौकोनावर खूण असेल तर कायद्याने येतं. पहिल्या-दुसऱ्यावर असेल तर जाऊ नका. गेलात तर परत यायला मुंबईतून नव्याने व्हिसा काढावा लागेल.

जाताना तीन गोष्टी हातातल्या बॅगेत ठेवा: पासपोर्ट, फिक्शन पेपर आणि संपलेलं जुनं कार्ड किंवा व्हिसाचं पान. या तिन्ही एकत्र असतील तरच प्रवेश मिळतो. जुनं कार्ड निकामी समजून घरी टाकून येणाऱ्यांची अडचण परतीच्या वेळी मुंबई विमानतळावर होते. फिक्शन पेपरवरही एक तारीख असते. तुमचं परतीचं विमान त्या तारखेच्या आत उतरलं पाहिजे.

शक्य असेल तर मुंबईहून थेट फ्रँकफर्ट किंवा म्युनिकचं तिकीट काढा, चार पैसे जास्त गेले तरी. मधल्या विमानतळावरच्या माणसाने हा करड्या-हिरव्या रंगाचा कागद आधी पाहिलेला नसतो आणि रात्री दोन वाजता त्याला कलम समजावणं सोपं नसतं. लंडनमार्गे तर मुळीच नको. तिथे ट्रान्झिट व्हिसाची सवलत चालू असलेल्या कार्डावर मिळते, या कागदावर नाही.

माझं मत विचाराल तर सणासाठी कार्ड येईपर्यंत थांबा. आखाजी पुढच्या वर्षीही येते. आजारपण आणि मरण यांचं गणित वेगळं, त्यासाठी पुढचा प्रश्न.

८. वडील आयसीयूत आहेत, माझ्या हातात कुठलाच कागद नाही. मी निघू का?

हा प्रश्न रात्री-बेरात्री येतो, म्हणून उत्तर क्रमाने देते.

आधी बघा, तुमचं जुनं कार्ड किंवा व्हिसा अजून चालू आहे का. चालू असेल आणि त्या तारखेच्या आत परत येणार असाल, तर निघा, कुणाला विचारायची गरज नाही.

तारीख संपली असेल तर घरून रुग्णालयाचं इंग्रजीतलं पत्र मागवा. जळगाव, धुळ्यातली रुग्णालयं असं पत्र लेटरहेडवर देतात, फक्त कुणाला तरी काउंटरवर जाऊन मागावं लागतं. रुग्णाचं नाव, तुमच्याशी नातं, प्रकृती गंभीर असल्याचा उल्लेख आणि तारीख, एवढं पुरे. ते जोडून ऑफिसला तातडीचा मेल करा आणि सकाळी ऑफिस उघडायच्या वेळी स्वतः दारात उभे राहा. पत्र, पासपोर्ट, अर्जाची पोच, विमानाचं बुकिंग सगळं छापून न्या. तातडीच्या प्रसंगी त्याच दिवशी फिक्शन पेपर मिळाल्याची उदाहरणं आपल्या मुलांमध्ये आहेत. टर्मिन नाही म्हणून आत सोडत नसतील तर पत्र दारावरच्या माणसाच्या हातात द्या आणि आत दाखवायला सांगा.

कागद न मिळता निघालात तर परत येण्याचा रस्ता म्हणजे मुंबईतून नवा व्हिसा, आणि त्याला आठवडे किंवा महिने लागू शकतात. नोकरी, शिक्षण, भाड्याचं घर तोवर टांगणीला. हे माहीत असूनही जाणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. बापाला शेवटचं बघणं हा हिशेब प्रत्येकाने आपापला करायचा असतो. फक्त माहीत असून जा. कंपनीला लेखी कळवून जा.

आणि जो पोहोचू शकला नाही त्याच्या घरच्यांना हात जोडून विनंती. गंधमुक्तीला लेक आला नाही म्हणून दारावर आलेल्यांसमोर त्याचा उद्धार होऊ देऊ नका. तो तिकडे एकटा बसलेला असतो. विधी मोठ्या किंवा धाकट्या भावाने, पुतण्याने केले तरी चालतात. व्हिडिओ कॉल लावून द्या, आणि कार्ड आल्यावर वर्षश्राद्धाला त्याला बोलवा.

९. तारीख उलटून गेल्यावर अर्ज केला. आता?

प्रश्न ४ मधलं संरक्षण आपोआप मिळत नाही. पण कायद्यात एक फट आहे. उशिरा केलेल्या अर्जामुळे अन्याय्य अडचण होत असेल तर ऑफिस जुना परमिट चालू असल्याचं ठरवू शकतं. तो हक्क नाही, त्यांच्या विचारावर आहे. उशीर का झाला ते खरं-खरं, पुराव्यासह लिहा: दवाखान्यात होतो, पोर्टल बंद होतं त्याचा स्क्रीनशॉट. इथे वकिलाची एक भेट घेण्याएवढे पैसे जरूर खर्च करा. निर्णय होईपर्यंत देशाबाहेर जाऊ नका.

१०. किती महिने थांबायचं? कोर्टात जाता येतं का?

येतं. अर्ज पूर्ण कागदांसह देऊन तीन महिने झाले आणि पुरेसं कारण नसताना निर्णय नाही, तर प्रशासकीय न्यायालयात निष्क्रियतेचा दावा करता येतो. तिथे निकाल तुमच्या बाजूने द्या असं मागत नाहीत, निर्णय द्या असं मागतात. पहिल्या न्यायालयात वकील सक्तीचा नाही, पण असलेला बरा.

आपल्याकडे कोर्टाची पायरी म्हटलं की पिढ्यान्‌पिढ्या चालणारे बांधाचे खटले आठवतात आणि घरचे घाबरतात. इथे असा दावा म्हणजे ऑफिसशी वैर नव्हे. बऱ्याचदा दावा दाखल झाल्याचं कळताच फाईल उघडली जाते. तरी आधी दोन लेखी स्मरणपत्रं पाठवा, दुसऱ्यात मुदत द्या आणि मुदतीनंतर दावा करू असं सांगा. अनेकांचं काम त्या दुसऱ्या पत्रावरच होतं.

११. आमच्या ओळखीचा एक माणूस म्हणतो, पैसे दिले तर कार्ड लवकर करून देतो. द्यावेत का?

नाही. हा प्रश्न बहुतेक वडिलांकडून येतो आणि मला त्यामागची माया कळते. कापूस विकून, केळीच्या पट्टीचे पैसे आले की मुलाचं काम मार्गी लावायचं, हाच विचार असतो. पण जर्मन ऑफिसात आतून काम करून देणारा माणूस नसतो. टर्मिन फुकट असते. ती विकणारे लोक मोकळ्या वेळा आधीच अडवून ठेवतात आणि तुमच्याच मुलाला विकतात. खोटा कागद जोडला गेला तर परमिट जातंच, वर फौजदारी गुन्हा होतो. तेच पैसे प्रश्न ९ किंवा १० मधल्या वकिलाला द्या.

१२. वाट पाहताना काम चालू ठेवता येतं का? नोकरी बदलता येते का?

तिसरा चौकोन असेल तर जुन्या परमिटवर जेवढं काम मान्य होतं तेवढं चालू राहतं. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. मार्च २०२४ आधी ही मर्यादा १२० आणि २४० होती, जुन्या माहितीवर जाऊ नका.

नोकरी बदलण्याचं उत्तर जुन्या कार्डासोबतच्या जोडपानावर आहे. तिथे कंपनीचं नाव लिहून बांधलेलं असेल तर आधी ऑफिसची परवानगी. ब्लू कार्डवाल्यांना पहिल्या १२ महिन्यांत बदल कळवावा लागतो आणि ऑफिस तो ३० दिवस रोखून तपासू शकतं. त्यानंतर मोकळीक.

नोकरी गेली तर दोन आठवड्यांच्या आत ऑफिसला कळवणं तुमची जबाबदारी आहे. भीतीपोटी लपवू नका. कंपनीही कळवते, आणि मग दोन्ही तारखा शेजारी-शेजारी दिसतात.

१३. पदवी झाली, विद्यार्थी परमिट संपतंय, नोकरी अजून नाही.

जर्मन विद्यापीठाची पदवी असेल तर नोकरी शोधायला १८ महिन्यांचं परमिट मिळतं आणि त्या काळात कुठलंही काम करता येतं. अर्ज विद्यार्थी परमिट चालू असताना करा. प्रमाणपत्र छापून आलं नसेल तर सगळ्या परीक्षा उत्तीर्ण झाल्याचं विद्यापीठाचं पत्र चालतं. हे १८ महिने पुन्हा वाढत नाहीत, म्हणून पदवीच्या शेवटच्या सत्रातच अर्ज पाठवायला लागा.

१४. वाट पाहतानाच शहर बदललं. फाईलचं काय होतं?

फाईल जुन्या शहराच्या ऑफिसातून नव्याकडे जाते, आणि त्या प्रवासात वेळ जातो. नवा पत्ता नोंदवल्याबरोबर नव्या ऑफिसला जुन्या अर्जाची पोच आणि सगळे कागद पुन्हा पाठवा. जुन्या ऑफिसने मंजुरी दिलीच असेल आणि कार्ड छपाईला गेलं असेल, तर शक्य असल्यास कार्ड हातात पडेपर्यंत पत्ता हलवू नका.

१५. पासपोर्टच संपत आलाय. आधी पासपोर्ट की आधी परमिट?

आधी पासपोर्ट. परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे दिलं जात नाही. आठ महिन्यांचा पासपोर्ट असेल तर आठ महिन्यांचंच कार्ड मिळेल आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. भारतीय पासपोर्टचं नूतनीकरण बर्लिनचा दूतावास किंवा म्युनिक, फ्रँकफर्ट, हॅम्बर्गचे वाणिज्य दूतावास यांपैकी तुमच्या राज्याला नेमून दिलेल्या ठिकाणी होतं. पोलीस पडताळणी गावच्या पत्त्यावर निघू शकते, म्हणून घरी सांगून ठेवा की पोलीस ठाण्यातून फोन आला तर घाबरायचं नाही, कागद घेऊन जायचं.

नावाची तक्रार वेगळीच. आपल्याकडे दहावीच्या सनदेवर आडनाव आधी, आधारवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर दोन्ही नावं एकाच रकान्यात. जर्मनीत पासपोर्टवर आहे तेच नाव धरलं जातं. परमिट, बँक, विमा, नोकरीचा करार सगळीकडे अक्षर न अक्षर पासपोर्टप्रमाणे लिहा.

१६. लग्न ठरलंय. कार्ड यायच्या आधी लग्न केलं तर बायकोचा व्हिसा होईल का?

लग्न करायला कुणाची आडकाठी नाही. पण जोडीदाराचा व्हिसा तुमच्या परमिटवर उभा असतो, आणि मुंबईतून तिची फाईल तुमच्याच शहराच्या ऑफिसकडे मतासाठी येते, जिथे तुमची फाईल आधीच अडकली आहे. म्हणून मधल्या काळात बाकीचे कागद तयार करा. लग्नपत्रिका आणि हळदीचे फोटो पुरत नाहीत, लग्नाची नोंदणी लागते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे ती ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते. नोंदणी लग्नानंतर लगेच, तुम्ही गावात असतानाच करा, दोघांच्या सह्या लागतात. दाखल्यावरची नावं पासपोर्टशी जुळवा. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला आधी जर्मन भाषेची ए-१, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीची, परीक्षा द्यावी लागत नाही, पण मुलगी रिकामी बसली असेल तर भाषा शिकलेली बरी. इथे आल्यावर एकटेपणा निम्मा कमी होतो.

१७. बाळ इथेच झालं. त्याचं परमिट?

जन्मानंतर सहा महिन्यांच्या आत बाळासाठी अर्ज करायचा. त्याआधी बाळाचा पासपोर्ट, आणि त्याआधी जन्मदाखला. भारतीय नागरिकत्वासाठी जन्माची नोंद भारतीय दूतावासात एका वर्षाच्या आत करावी लागते, ती चुकवू नका.

घोडं अडतं ते आई-बापाच्या जन्मदाखल्यावर. इथलं नोंदणी कार्यालय बाळाच्या दाखल्यासाठी तुमचे जन्मदाखले मागतं, आणि आपल्याकडे घरी बाळंतपण झालेल्यांची नोंद कधी झालेलीच नसते. शाळेचा दाखला इथे त्याची जागा घेत नाही. एका वर्षानंतरच्या नोंदीला १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. बाळाची चाहूल लागताच घरच्यांना तहसीलच्या कामाला लावा, नऊ महिनेही कमी पडू शकतात.

दोघांपैकी एकाचं जर्मनीत पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य असेल आणि त्याच्याकडे कायमचं परमिट असेल, तर बाळ जन्मतः जर्मन नागरिक होतं. तेव्हा हे परमिट लागत नाही.

१८. मी येऊ शकत नाही आणि घरी शेताची वाटणी आहे. सही कशी करू?

वारस नोंदीसाठी तुमचं येणं गरजेचं नसतं. एका वारसाने अर्ज केला की सगळ्यांची नावं फेरफारात येतात, सातबारावर तुमचं नाव आलं का ते ऑनलाइन बघा. वाटणीपत्र किंवा विक्रीला मात्र सही लागते. त्यासाठी भारतीय दूतावासात कुलमुखत्यारपत्रावर सही करून ते साक्षांकित करता येतं. कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मजकुरात गट नंबर, क्षेत्र आणि नेमके कोणते अधिकार ते लिहा. 'सर्व अधिकार' असं मोघम लिहून देऊ नका, सख्ख्या भावालाही.

बहिणींसाठी खास. परदेशात असलेल्या मुलींकडे या काळात हक्कसोडपत्राचा कागद हमखास येतो. 'तू तिकडे कमावतेस, तुला काय करायचं शेत' या शब्दांत. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाएवढाच हक्क आहे. द्यायचं असेल तर मनापासून द्या, पण कार्डाच्या चिंतेत असताना, फोनवरच्या दबावाखाली नको. आपण अनिवासी भारतीय झालो की शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली मात्र ठेवता येते. सोडलेली परत घेता येणार नाही, म्हणून हा निर्णय मोठा आहे.

१९. आई आजारी आहे, गावी जास्त दिवस राहिलो तर परमिट जाईल का?

साधं परमिट असेल तर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिल्यावर ते आपोआप संपतं, कार्डावर पुढची तारीख असली तरी. ब्लू कार्डाला ही मर्यादा १२ महिने. जास्त दिवस लागणार असं दिसलं तर सहा महिने संपायच्या आत ऑफिसकडून लेखी वाढीव मुदत घ्या. तात्पुरतं नसलेल्या कारणासाठी गेलात, म्हणजे घर सोडलं, नोकरी सोडली, सामान पाठवलं, तर सहा महिन्यांच्या आतही परमिट गेलं असं धरता येतं. फिक्शन पेपरवर असाल तर प्रश्न ७ मधली त्या कागदाची तारीख आधी आडवी येते.

२०. मी जाऊ शकत नाही, तर आई-वडिलांना इकडे बोलावू का?

बोलवा. माझ्या मते वाट पाहण्याच्या काळातला हा सगळ्यात चांगला उपाय आहे. ९० दिवसांपर्यंतचा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपात थोड्या दिवसांच्या भेटीचा व्हिसा, अर्ज मुंबईला, सोबत किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा. तुम्ही इथून हमीपत्र देऊ शकता, पण कार्ड नसताना ते मिळायला अडचण येते. तेव्हा वडिलांच्या नावावर खर्चाची ऐपत दाखवायची. शेतकऱ्याकडे आयकर विवरणपत्र नसतं म्हणून हिंमत हरू नका. सातबारा, बाजार समितीच्या विक्रीच्या पावत्या, बँकेचे सहा महिन्यांचे उतारे, पेन्शन असेल तर त्याचा कागद, हे सगळं इंग्रजी भाषांतरासह लावा. व्हिसाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नका, ती शंका वाढवते. माय रोज फोनवर 'कव्हय येशी?' विचारते तेव्हा तिलाच तिकीट पाठवता येतं.

कायमचं आणणं ही वेगळी गोष्ट. १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा कुशल कामगाराचं परमिट किंवा ब्लू कार्ड मिळालेल्यांना आई-वडिलांसाठी अर्ज करता येतो, पण त्यांचा पूर्ण आरोग्य विमा दाखवावा लागतो. साठीच्या पुढच्या माणसाचा तो विमा मिळणं हीच खरी अडचण आहे.

२१. वाट पाहण्याचे हे महिने कायमच्या परमिटसाठी धरतात का?

वेळेत अर्ज करून तिसऱ्या चौकोनावर काढलेला काळ, पुढे परमिट मंजूर झालं की धरला जातो. कायमचं परमिट ब्लू कार्डवाल्याला २७ महिन्यांनी, बी-१, म्हणजे मधल्या पातळीचं, जर्मन येत असेल तर २१ महिन्यांनी, इतर कुशल कामगारांना तीन वर्षांनी मागता येतं. पेन्शनची वर्गणीही तेवढ्या महिन्यांची भरलेली लागते, म्हणून पगारपत्रकं टाकून देऊ नका. नागरिकत्व पाच वर्षांनी. तीन वर्षांचा जवळचा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाला. जर्मन नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांचं कार्ड, काढावं लागतं. वारशाची शेतजमीन तेव्हाही राहते, नवी घेता येत नाही.

२२. कार्ड आलं! आता काही करायचं राहिलं का?

खिडकीवरच नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, मुदत आणि जोडपानावरच्या कामाच्या अटी वाचा. जुनं कार्ड जमा होईल, त्याची दोन्ही बाजूंची प्रत आधीच काढून ठेवा, पुढे नागरिकत्वाच्या अर्जाला उपयोगी पडते. नव्या कार्डाची प्रत कंपनीला, बँकेला, विमा कंपनीला पाठवा. मुदत संपण्याच्या तीन महिने आधीची आठवण फोनमध्ये आजच लावा. आणि घरी फोन करा, रात्रीचे अकरा वाजले असतील तरी. जागेच असतील.